मंगळवारचा गुरुवार

मंगळवारी सकाळी क्षितिजाला न्हाऊ घालताना तिच्या पोटावर तीन फोड दिसले. पाणी भरलेले, तुकतुकीत, तांदळाच्या दाण्याएवढे. चौथा कानामागे होता. मी तांब्या खाली ठेवला आणि मोरीतच हात जोडले.

मला कोणी सांगायची गरज नव्हती. या घरात मी सहा पोरं वाढवली, दोन माझी, चार दिरांची. कांजण्यांना आमच्यात त्या नावाने हाक मारत नाहीत. बाया आल्या म्हणतात. देवी पाहुणी येते, पाच-सात दिवस पोराच्या अंगावर राहते, मान ठेवला की आल्या वाटेने निघून जाते. मान ठेवायचा म्हणजे घरात फोडणी द्यायची नाही, मासळी आणायची नाही, अंथरुणात कडुलिंबाचा पाला घालायचा, डॉक्टर बोलवायचा नाही, सुई टोचायची नाही. आणि ती घरात असेपर्यंत घरच्या माणसाने बाहेर मुक्कामाला जायचं नाही. पाहुणी बसलेली असताना उठून जाणं शोभत नाही.

क्षितिजा माझी नात, सहा वर्षांची. तिची आई संजना तेव्हा कामावर गेलेली, माणिकपूरला विम्याच्या ऑफिसात. आणि तिचा बाप, माझा प्रितेश, पुढच्या खोलीत डोळ्यांत थेंब घालत बसला होता. दर तासाला घालायचे असतात. त्याच्या डोळ्यांतलं पाणी आटलंय.

त्याला रक्ताचा कॅन्सर झाला होता. सोळा महिन्यांपूर्वी मुंबईच्या हॉस्पिटलात त्याच्या बहिणीचा, जागृतीचा, बोन मॅरो त्याला दिला. कॅन्सर गेला. मी डोंगरावर चढून चंडिकेला नारळ दिला, गावात पेढे वाटले. पुढचं कोणी सांगितलं नव्हतं. बहिणीचं रक्त भावाच्या अंगात शिरलं ते त्याच्या अंगाशीच भांडायला लागलं. डोळे सुकले, तोंड सुकलं, भाकरीचा तुकडा घोटभर पाण्याशिवाय उतरेना. कातडी ताठ झाली, मूठ वळेना. हा माझा मुलगा शाळेत चित्रकलेचा मास्तर, आणि आमच्या जूचंद्रात रांगोळी काढणारे घरोघरी आहेत त्यांत त्याचा हात पहिल्या चारांत. आता त्याला शर्टाचं बटण लावता येत नाही. भांडण दाबायला गोळ्या. त्या गोळ्यांनी साखर वाढली, म्हणून इन्सुलिनची सुई. खुब्याचं हाड झिजलं, तोंड सुपाएवढं सुजलं. एक दाबलं की दुसरं वर यायचं. एवढं सगळं, आणि लोक रस्त्यात विचारायचे, काय धोंडूबाई, आता बरा ना मुलगा?

संजनाचं वर्षभर एकच चाललं होतं. आचोळ्याला तिच्या भावाचा फ्लॅट रिकामा होता, भाऊ दुबईला. तिथे जाऊ. इथे कोंबड्या आहेत, भिंतीला ओल आहे, मागे टॉवरचं खणकाम, त्याची धूळ प्रितेशच्या छातीत जाते.

"धूळ," मी म्हणायची, "या धुलीतच मोठा झाला तो. तुज्या आचोल्याला काय देवाने पुसून ठेवलंय?"

"आई, डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टरानी माझ्या घराला ओल हाय म्हून सांगितलं? कधी आला होता बघायला?"

ती गप्प बसायची. फार शिकलेल्या बायका भांडायच्या जागी गप्प बसतात, त्याचा मला जास्त राग.

तर मंगळवारी ते फोड बघून माझ्या मनात काय आलं ते सरळच सांगते. पहिलं देवीचं आलं. दुसरं हे आलं, की संजनाला कळलं तर ती त्याच संध्याकाळी नवऱ्याला आणि पोरीला उचलून आचोळ्याला नेणार, आणि एकदा गेलेला माझा मुलगा परत या घरात झोपायला येणार नाही. प्रितेशला यातून काही होईल, हे मनात आलंच नाही. त्याला पाचव्या वर्षी याच घरात बाया आल्या होत्या. भुवईवर व्रण आहे अजून. आणि बाया एकदा येऊन गेल्या की जन्मात परत येत नाहीत, हे तर डॉक्टरसुद्धा मानतो.

मी पोरीला माझ्या खोलीत घेतलं. संध्याकाळी संजना आली तेव्हा सांगितलं, पोट बिघडलंय, माझ्याजवळ झोपेल.

"ताप आहे का?"

"अंग जरा कोमट हाय. तू नको येऊस, आताच डोला लागलाय. बाहेरचं काय न काय खायाला देता तुम्ही."

तिने दारातून बघितलं. पोर चादरीत होती. ती दमलेली होती, गेली.

बुधवारी फोड पाठीवर, मांड्यांवर गेले. पोर चिडचिड करायची, मी पाल्याने अंगावरून वारा घालायची. उशीखाली पाला, गादीखाली पाला. जेवायला वरणभात आणि उकडलेला दुधी. प्रितेशचं जेवण तसंही अळणीच असायचं, तोंडातल्या जखमांना तिखट सोसत नाही, त्याला काही वेगळं वाटलं नाही. संजनाने ताटातल्या वरणात चमचा फिरवला आणि माझ्याकडे बघितलं.

"फोडणी राहिली का, आई?"

"गॅस संपत आलाय."

तिने जाऊन शेगडी पेटवून बघितली. भकाभका पेटली. परत बसून जेवली.

गुरुवारी दुपारी जेवणाआधी प्रितेश इन्सुलिनची सुई घेऊन पलंगावर बसला. बोटं वळत नाहीत, म्हणून दोन्ही हातांत धरून पोटाला लावायचा, लहान मूल पेन्सिल धरतं तसा. मला बघवेना, आणि दुसरं भयही होतं, बाया घरात असताना दोन दिवस घरात सुई चालली होती.

"प्रितेश, ओट्यावर जा. तिथं टोच."

"बाहेर? या उन्हात?"

"हवा हाय बाहेर. जा बाला."

"आये, शर्ट वर करून रस्त्यावर बसू? लोकं बघतील."

"बघू दे. लोकांची पोटं काय चांदीची हायत?"

तो हसला, उठला, भिंतीला धरत ओट्याकडे निघाला. माझ्या खोलीचं दार उघडं राहिलं होतं. क्षितिजा पाठमोरी झोपली होती, आणि उशीच्या कडेने पाल्याची डहाळी बाहेर आलेली. तो तिथेच उभा राहिला. मग हातातल्या सुईकडे बघितलं.

"आये. बाया आल्यात काय?"

मी पुढे होऊन डहाळी उशीखाली सारली.

"कधी?"

आणि मी म्हटलं, "आज. आज सकाली दिसल्या."

का म्हटलं ते मला आजही नीट सांगता येत नाही. त्याच्या तोंडाचा रंग उडाला होता. मंगळवार म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न आला असता, तीन दिवस काय करत होतीस? गुरुवार म्हटलं की मी साधी म्हातारी, आत्ताच बघितलं, आत्ताच सांगितलं. पन्नास वर्षं या घरात मी कोणाला हिशेब दिला नव्हता की मी काय करत होते.

"तू नको घाबरू," मी म्हटलं. "तुजं होऊन गेलंय. पाच वर्षांचा होतास. परत येत नाय ती."

"माझं होऊन गेलेलं पुसलं गेलं, आये."

तो माझ्या खोलीपासून लांब सरकला, अंगणात जाऊन बसला आणि तिथून त्याने हॉस्पिटलात फोन लावला. तिथे सँड्रा म्हणून सिस्टर आहे, आपल्या माणिकपूरचीच पोर, ट्रान्सप्लांटच्या पेशंटांचं तीच बघते. त्याने फोनचा आवाज मोठा केला, मला ऐकू यावं म्हणून.

"धोंडू मावशी, ऐका," ती म्हणाली. "प्रितेशचं जुनं रक्त आम्ही औषधाने मारून टाकलं होतं, आठवतं ना? त्या रक्ताला कांजण्या माहीत होत्या. आताचं रक्त जागृतीचं आहे, आणि ते सोळा महिन्यांचं बाळ आहे. जागृतीला कधी आल्या होत्या का?"

जागृतीला आल्या नव्हत्या. प्रितेशच्या वेळी मीच तिला, चार महिन्यांची असताना, मामाकडे धाडली होती, मुलीच्या तोंडावर व्रण नको म्हणून. त्या गोऱ्या कातडीचं कौतुक मी तिच्या लग्नात सासरच्यांपुढे केलं होतं.

"नाय," मी म्हटलं.

"आणि कांजण्या-नागिणीची त्याची गोळी किडनीमुळे पंधरा दिवसांसाठी थांबवलीय. म्हणजे आत्ता त्याच्याकडे काहीच नाही. मावशी, साध्या माणसाला अंगावर येतात. याला आत येतील. फुप्फुसात, लिव्हरमध्ये." मग ती जरा थांबली. "एक इंजेक्शन आहे. पोरीच्या जवळ गेल्यापासून चार दिवसांच्या आत दिलं तर बरंच काम करतं, आणि पुरळ उठायच्या एक-दोन दिवस आधीपासूनच लागण होते. पुरळ कधी दिसलं?"

"आज सकाळी," प्रितेश म्हणाला.

"मग आपल्याकडे जरा वेळ आहे. ते इंजेक्शन इथे ठेवलेलं नसतं, कंपनीकडून मागवावं लागतं. उद्या येईल, शनिवारी सकाळी लवकर आणा त्याला. तोवर पोरीपासून एकदम वेगळा."

मी बोटं मोजली. सोमवारी संध्याकाळी क्षितिजा बापाच्या मांडीवर झोपली होती, तिचं तोंड त्याच्या मानेत. सोमवार ते शुक्रवार चार दिवस. शनिवार पाचवा.

मी तोंड उघडलं नाही.

चार वाजता संजना रिक्षाने धावत आली. तिने चपला काढल्या नाहीत, सरळ माझ्या खोलीत गेली, पोरीचा फ्रॉक वर केला. मी दारात उभी. ती वाकून बराच वेळ बघत होती.

"आई, हे आजचे नाहीत."

"आजचेच."

"यातल्या काहींवर खपली धरलीय."

"उन्हाला हाय. सुकतात."

"काल वरणाला फोडणी नव्हती." तिचा आवाज चढला नाही. "परवाही नव्हती. गॅस भरलेला होता."

"मंग काय मी तुज्याशी खोटं बोलते? या घरात मला खोटी म्हननारी तू पहिली."

अंगणातून प्रितेश बोलला. तो आता घरात येत नव्हता, खुर्ची टाकून चिंचेखाली बसला होता, तोंडाला मास्क. "संजना, पुरे. आये दुसऱ्या कशातही खोटं बोलेल. माझ्या जिवावर नाय बोलनार."

एवढंच म्हणाला आणि डोळ्यांत थेंब घालायला मान वर केली. बाटली त्याच्या बोटांत धड राहीना, थेंब गालावर पडला, दुसरा कानात गेला. तिसरा डोळ्यात पडला.

मला आजवर लोकांनी काय काय म्हटलंय. तोंडाळ म्हटलंय, सुनेचा काळ म्हटलंय, दिराच्या बायकोने भर पंगतीत कैदाशीण म्हटलंय. मी सगळ्यांना पुरून उरले. पण माझा मुलगा माझ्यावर विश्वास ठेवून शांत बसला, ते मला सोसेना. मी उंबऱ्यावरच बसले.

"संजना," मी म्हटलं, "त्या सँड्राला फोन लाव."

"कशाला?"

"लाव. मला लावता येत नाय. मोठ्या आवाजात ठेव."

तिने लावला. मी त्या काळ्या फोनकडे बघून बोलले, माणसाकडे बघून बोलता आलं नसतं.

"सिस्टर, मी धोंडूबाई. मंगलवारी दिसले फोड. मंगलवारी सकाली, न्हाताना. सोमवारी संध्याकाली पोर त्याच्या मांडीवर होती. मी गुरुवार सांगितला तो खोटा."

तिकडून कागद चाळल्यासारखं झालं.

"म्हणजे उद्या संध्याकाळपर्यंत," सँड्रा म्हणाली. "मावशी, फोन ठेवा. मला आत्ताच चार ठिकाणी फोन करायचेत. त्याला आजच आणून ठेवा, औषध मिळेल त्या मिनिटाला देता येईल."

मी वर बघितलं. संजना मला काही म्हणेल असं वाटलं होतं. मी तयार होते, उलट काय बोलायचं तेही जिभेवर होतं. ती माझ्या अंगावरून उंबरा ओलांडून आत गेली आणि बॅग भरायला लागली. गोळ्यांचा डबा, थेंबांच्या बाटल्या, कागदांची फाईल, त्याचे सैल शर्ट. पोरीचे कपडे. मग हिवाळ्याचे स्वेटर काढले. मार्च चालू होता. स्वेटर बघितले तेव्हा मला कळलं ती किती दिवसांचं भरतेय.

दिराचा सुरज गाडी घेऊन आला. पोरीला न्यायला जागृती येऊ शकत नव्हती, तिलाही धोका, म्हणून क्षितिजा बाया जाईपर्यंत माझ्याकडे आणि मग आचोळ्याला, हे संजनाने सुरजला सांगितलं. मला नाही सांगितलं.

प्रितेश गाडीपाशी थांबला. "आये, बाया घरात असताना मुक्कामाला निघालो. चालेल?"

तो मस्करी करत होता. मला रडवायला नव्हे, हसवायला. त्याला माझ्यावर रागावता आलं नाही कधी, आणि तेच वाईट.

"जा," मी म्हटलं. "तिची समजूत मी काढीन."

इंजेक्शन शुक्रवारी संध्याकाळी साडेसहाला मिळालं. सोमवारी पोर किती वाजता त्याच्या मांडीवर झोपली होती ते मी किती आठवलं तरी आठवेना. दिवा लावायच्या आधी की नंतर.

सातव्या दिवशी क्षितिजाला पाल्याच्या पाण्याने न्हाऊ घातलं, देवीची ओटी भरली आणि डोंगर चढून चंडिकेपुढे ठेवली. दरवेळी मी हात जोडून मागणं मागते, गुडघे टेकून. या वेळी उभीच राहिले. म्हटलं, मान ठेवला तुझा. फोडणी दिली नाही, पोरीला सुई टोचली नाही, तुझ्यापायी पोटच्या पोराशी खोटं बोलले. आता तू तुझं बघ. पुजारी माझ्याकडे बघायला लागला, म्हणून खाली उतरले.

सगळ्या खपल्या पडल्यावर सुरज पोरीला घेऊन गेला. घरात मी आणि कोंबड्या. सँड्राने एकवीस दिवस धोका सांगितला होता, इंजेक्शन दिलं म्हणून अठ्ठावीस. मी रोज सकाळी सुरजला बोलावून संजनाला फोन लावायला लावायची.

"अंगावर काय?"

"काही नाही."

"ताप?"

"नाही."

"जेवला?"

"जेवला." आणि फोन बंद. तेवढं तरी सांगायची.

सोळाव्या दिवशी तिचाच फोन आला. आवाज घोगरा, जीभ जड.

"आई, मला आल्यात. काल रात्रीपासून ताप, आज अंगावर उठल्या. लहानपणी झाल्या नव्हत्या मला."

"आनि तो?"

"त्याच्या पोटात खूप दुखत होतं. सकाळी पाठीवर पाच फोड दिसले. सुरज हॉस्पिटलात घेऊन गेलाय. वेगळ्या खोलीत ठेवतील. मला तिथे शिरूही देणार नाहीत, इतर पेशंट आहेत. जागृतीला नाही चालणार. सुरजला आठवत नाही त्याला कधी आल्या होत्या का." ती खोकली. "तुम्हाला आल्या होत्या ना?"

"माझ्या तोंडावर खड्डे काय शोभेला हायत?"

"मग तुम्हीच जायला हवं."

मी साडी बदलायला उठले. ती बोलतच होती.

"ऐका. दर दोन तासांनी मला फोन करायचा. सिस्टर लावून देतील. दिसेल ते सांगायचं. मला बरं वाटावं म्हणून काही नाही, मी घाबरेन म्हणून काही गाळायचं नाही."

"देवीची शपथ, सगलं सांगीन."

"शपथ नको, आई. नुसतं सांगा."

त्या खोलीला दोन दारं. एक बंद झाल्याशिवाय दुसरं उघडत नाही. आत तो, नाकाला नळी, हातात सलाईन. दर आठ तासांनी औषधाची बाटली, आणि किडनी सांभाळायला दुसरी. गाऊन घातलेल्या मला बघून म्हणाला, "आये, डॉक्टरीन झालीस."

"गप पड."

मी पहिल्या दिवशी फोड मोजले. बत्तीस. सँड्राला सांगितलं, संजनाला सांगितलं. दुपारी एकेचाळीस. दुसऱ्या दिवशी मोजायला जागाच उरली नाही, कानात, टाळूवर, तोंडाच्या आत. आधीच ताठ कातडी, त्यावर हे. सँड्रा म्हणाली, मावशी, आता फक्त नवे सांगा, आणि मशीनवरचा हिरवा आकडा. तो ऑक्सिजनचा. शंभराच्या जवळ हवा, नव्वदच्या खाली गेला की बेल दाबायची. अक्षरं मला धड येत नाहीत, इंग्रजी आकडे येतात. बसच्या पाट्या वाचून शिकले.

तिसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई फोटो घेऊन आल्या. फुप्फुसांत पांढरे ठिपके, दोन्हीकडे. "हे दोन दिवस महत्त्वाचे," म्हणाल्या. इंजेक्शन आधी मिळालं असतं तर, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, "सांगता येत नाही. कदाचित एवढं झालं नसतं. कदाचित झालं असतं." मला त्यांनी दोनातलं एक सांगायला हवं होतं. कुठलंही चाललं असतं.

ते मी संजनाला सांगितलं, जसंच्या तसं, कदाचितसकट. ती रडली. मी फोन धरून बसले. तिचाही ताप उतरला नव्हता, आणि क्षितिजा मागे पाणी दे पाणी दे करत होती, ऐकू येत होतं. "पोरीला पानी दे आदी," मी म्हटलं. "मी हाय इथं."

पाचव्या दिवशी नवे फोड आले नाहीत. सकाळी नाही, दुपारी नाही. मी मांड्या, पाठ, बगला, बोटांच्या फटी, सगळं तीनदा बघितलं. सँड्राला म्हटलं, नीट बघ, माझे डोळे म्हातारे. तिनेही बघितलं. नाहीत. पण आकडा हलेना. नळी होती तरी नव्वद, एक्क्याण्णव, नव्वद. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, कांजण्या उतरतील, फुप्फुसं मात्र आता आधीसारखी राहणार नाहीत. आधीसारखी म्हणजे काय, ती आधीच अर्धी होती. ऑक्सिजनचं मशीन घरी लागेल, किती महिने ते माहीत नाही. बहिणीच्या रक्ताचं भांडण दाबणाऱ्या गोळ्या कमी केल्यात, म्हणजे ते भांडण परत उठेल. मग पुन्हा वाढवायच्या.

सहाव्या दिवशी दुपारी त्याने डोळे उघडले.

"आये, घरी कधी?"

"आचोल्याला. संजनाने मशीनची जागा केलीय."

तो माझ्याकडे बघत राहिला. आचोळ्याचं नाव माझ्या तोंडून घर म्हणून त्याने पहिल्यांदाच ऐकलं असेल.

"आनि तू?"

"मला कोनी बोलावलं नाय अजून."

"तू विचारलंस?"

"मी कशाला विचारीन? सासू म्हून गेले नाय तिच्या दारात, आता आया म्हून ठेवील तर बघू. पगार ठरवून घेईन."

त्याला हसू आलं. हसू खोकल्यात गेलं, खोकला थांबेना. हिरवा आकडा शहाऐंशी झाला. मी बेल दाबली. दुसऱ्या हाताने सँड्राने लावून ठेवलेला फोन दाबला. संजनाने पहिल्याच घंटेला उचलला.

"शहाऐंशी झालाय," मी म्हटलं. "मी हसवला म्हून. माझी चूक. बेल दाबलीय."

"सिस्टर आल्या?"

"पयल्या दारात हाय. दुसरं उघडतंय. आली. नली बदलतेय, मास्क लावतेय."

"आता किती?"

"सत्त्याऐंशी."

"फोन ठेवू नका, आई."

"नाय ठेवत."

सँड्राने त्याला बसतं केलं. त्याची पाठ माझ्या हाताखाली होती, खपल्यांनी खरखरीत, वर-खाली होणारी. मी मशीनकडे बघून बोलत राहिले.

"अठ्ठ्याऐंशी. अठ्ठ्याऐंशी. परत सत्त्याऐंशी."

"सांगत राहा."

"अठ्ठ्याऐंशी."